चुकीसाठीचा मेमो आणि बेशिस्तीसाठीचा मेमो एकच नसावा

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुम्ही जळगाव जिल्ह्यातल्या एका 40 खाटांच्या खासगी हॉस्पिटलात नर्सिंग इन्चार्ज आहात. नातेवाइकांच्या तक्रारी वाढल्या म्हणून मालक-डॉक्टरांनी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास तीन पानी आचारसंहिता लावली. ड्यूटीत मोबाइल बंद, तीन लेट मार्कला अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा, उलट बोललं की मेमो, औषधात चूक झाली की 500 रुपये दंड. चार महिन्यांत मेमोची फाइल जाड झाली, तीन चांगल्या सिस्टर सोडून गेल्या आणि तक्रारी होत्या तिथंच आहेत. आता साहेब म्हणतात, नियम अजून कडक करा. तुम्ही विचारता की अशा नियमांनी नर्सचं काम खरंच सुधारतं का, आणि तिचं मूल्यमापन करताना हे मेमो किती धरायचे.

मी 31 वर्षं नर्सिंगमध्ये काढली. सुरुवात नंदुरबारकडच्या सरकारी दवाखान्यात, पुढे धुळ्या-जळगावच्या खासगी हॉस्पिटलांत, शेवटची 12 वर्षं मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सची प्रमुख म्हणून. आचारसंहिता मी स्वतः दोनदा लिहिली आहे, आणि पहिल्यांदा लिहिली ती जवळपास तुमच्यासारखीच होती. म्हणून जरा सविस्तर सांगते.

नियम हवेतच. नियम नसलेल्या वॉर्डात जोरात बोलणाऱ्याचं चालतं आणि गप्प राहणारी सिस्टर सगळ्यांच्या डबल ड्यूट्या करते. पण तुमच्या तीन पानांत चार निरनिराळी दुखणी एकत्र बांधली आहेत आणि सगळ्यांवर औषध एकच, मेमो. उशीर हे बऱ्याचदा ड्यूटी लिस्टचं दुखणं असतं, बोलण्यातला तुटकपणा दमणुकीचा असतो, औषधातली चूक ट्रे कसा लावलाय त्यातून येते, आणि पेशंटकडून पैसे घेणं हे सरळ सरळ गैरवर्तन असतं. यातल्या शेवटच्यालाच मेमो लागू पडतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील, ते आधीच सांगून टाकते. तुमच्याकडे नोंदणी असलेल्या जीएनएम आणि बीएस्सी (नर्सिंगची पदविका आणि पदवी झालेल्या) किती, एएनएम (त्याहून लहान अभ्यासक्रम केलेल्या) किती, आणि 'इथंच शिकून तयार झालेल्या' मुली किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. शिक्षण न झालेल्या मुलीला इंजेक्शन देताना चुकली म्हणून दंड करणार असाल, तर तिला ते काम देणाऱ्यापासून सुरुवात करावी लागेल. रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात, तेही तुम्हीच मोजा. मालक हेच मुख्य डॉक्टर असल्यामुळे त्यांच्याविरुद्धची तक्रार ऐकणारं तुमच्याकडे कोणी नसणार, हा लहान हॉस्पिटलचा खास पेच. आणि एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेची) तयारी चालू असेल तर शिस्तभंगाची आणि तक्रार निवारणाची, दोन्ही पद्धती लेखी ठेवाव्या लागतात. साहेबांना पटवायला हा मुद्दा उपयोगी पडतो.

आता ज्या रात्रीमुळे माझं मत बदललं ती सांगते.

एका हॉस्पिटलात मी इन्चार्ज असताना वॉर्डात एकाच वेळी तीन सुमनबाई पाटील होत्या. आपल्याकडे पाटलांचा वॉर्ड भरायला वेळ लागत नाही. एका सिस्टरनं एकीचं अँटिबायोटिक दुसरीला दिलं. तिच्या लगेच लक्षात आलं, धावत येऊन तिनं मला सांगितलं, पेशंटला काही झालं नाही. मी काय केलं, तर मेमो दिला, दंड कापला आणि सकाळच्या ओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना काम सोपवायच्या वेळी, सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. मला वाटलं, आता सगळ्या सावध होतील. झाल्याही, पण निराळ्या अर्थानं. त्यानंतर कितीतरी महिने माझ्याकडे एकाही चुकीची नोंद आली नाही आणि मी ते प्रगती समजून व्यवस्थापनाला अभिमानानं सांगत राहिले.

मग एका रात्री मधुमेहाच्या एका आजोबांना साडेआठला 12 युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. वॉर्डातल्या बाटल्या नेहमी 40 युनिटच्या (एका मिलीत 40), त्यांची सिरिंज लाल टोपीची. त्या दिवशी नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली बाटली 100 युनिटची होती, तिला नारिंगी टोपीची सिरिंज लागते. ट्रेमध्ये लालच होती. लाल सिरिंजवरच्या 12 खुणा म्हणजे 0.3 मिली, आणि 100 च्या बाटलीतले 0.3 मिली म्हणजे 30 युनिट. अडीच पट. दहाच्या सुमारास सिस्टरला लेबल दिसलं आणि तिला सगळं कळलं. तिनं डॉक्टरांना फोन केला नाही. गुपचूप साखरेचं पाणी पाजत, दर थोड्या वेळानं आजोबांना हलवून बघत बसली. अकरानंतर आजोबा घामानं भिजले, बोलेनासे झाले, शुगर 38 निघाली. 25 टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून दिलं, आजोबा वाचले.

पहाटे ती मुलगी माझ्यासमोर रडत होती. मी विचारलं, फोन का नाही केलास? ती म्हणाली, "मॅडम, त्या ताईंचं काय झालं ते आम्ही बघितलं होतं ना."

त्या तासाभराच्या गप्प बसण्यात आजोबांचा जीव गेला असता. आणि ते गप्प बसणं मीच त्यांना शिकवलं होतं. तो मेमो माझ्या हातचा होता, आणि अजूनही त्याचं मला वाईट वाटतं.

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेनं 1990 च्या दशकात हॉस्पिटलांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगली एकजूट असलेल्या वॉर्डांत चुका कमी सापडतील अशी तिची अपेक्षा होती, पण तिथंच जास्त सापडल्या, कारण त्या वॉर्डांत माणसं चुकांबद्दल मोकळेपणानं बोलत होती. हे मी पुष्कळ उशिरा एका प्रशिक्षणात ऐकलं आणि माझ्या त्या कोऱ्या रजिस्टरचा अर्थ मला कळला. तुमच्याकडे चार महिन्यांत औषधाच्या किती चुका नोंदल्या गेल्या, ते साहेबांना दाखवा. 40 खाटांच्या हॉस्पिटलात ती संख्या शून्य असेल तर ती काळजीची बाब आहे.

म्हणून आचारसंहितेत पहिला बदल हा करा: स्वतःहून आणि लगेच सांगितलेल्या चुकीला दंड नाही, मेमो नाही. तिची नोंद वेगळ्या वहीत, नावाशिवाय. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: काय झालं, कशामुळे होऊ शकलं, आता काय बदललं. इन्सुलिनच्या त्या रात्रीनंतर आम्ही लाल आणि नारिंगी टोप्यांच्या सिरिंज दोन वेगळ्या डब्यांत ठेवल्या, बाहेरून आलेली इन्सुलिनची बाटली दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय वापरायची नाही असं ठरवलं, आणि एकाच नावाचे दोन पेशंट असले की पलंगाला आणि केसपेपरला लाल पट्टी लावायला लागलो. आयपीडी नंबर (भरती झालेल्या पेशंटचा नंबर) विचारून मगच इंजेक्शन. हे सगळं फुकटात झालं.

लपवलेली चूक आणि मुद्दाम केलेली गोष्ट यांना मात्र माफी नाही, हेही त्याच पानावर लिहा. न घेतलेलं बीपी टेबलावर बसून लिहिणं, ड्यूटी सोडून जाणं, बाळ दाखवायचे पैसे मागणं, औषधं बाहेर नेणं, प्रसूतीच्या टेबलावर बाईवर हात उगारणं किंवा तिला घाण बोलणं, पाड्यावरून आलेल्या पेशंटला जातीवरून वेगळं वागवणं. यातल्या प्रत्येक गोष्टीवर मी कारवाई केली आहे, एकीला काढलंही आहे, आणि त्याबद्दल मला क्षणभरही शंका नाही. लेबर रूममधल्या सन्मानाच्या वागणुकीसाठी केंद्र सरकारला 2017 मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रमात वेगळी तरतूद करावी लागली, इतकं ते दुखणं जुनं आहे.

मधे एक करडा भाग उरतो. खोटं बीपी लिहिणारी सिस्टर दोषी, हे मान्य. पण रात्री 22 पेशंट एकीकडे आणि सगळ्यांचं बीपी दर दोन तासांनी, असं लिहून ठेवलं असेल तर हिशोब करा. एका पेशंटला 4 मिनिटं धरली तरी फेरीला 88 मिनिटं लागतात. मग इंजेक्शनं कधी, सलाईन कधी, नवीन ॲडमिशन कधी? पाळताच येणार नाही असा आदेश कागदावर ठेवला की खोटं लिहिणं भाग पडतं. अशा वेळी मी आधी डॉक्टरांकडे जायचे आणि कुणाचं दोन तासांनी, कुणाचं सहा तासांनी, ते ठरवून घ्यायचे. त्यानंतरही कोणी खोटं लिहिलं तर मेमो.

दंडाबद्दल साहेबांना कायद्याच्या भाषेत सांगा, तो मुद्दा पटकन कळतो. जुन्या 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात होतं आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे: कोणत्या गोष्टींना दंड, हे सरकारच्या पूर्वमान्यतेनं जाहीर केलेलं असावं लागतं, कर्मचाऱ्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि एका पगारातला एकूण दंड त्या पगाराच्या 3 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. समजा एखादीचा पगार 16,000 असेल, तर 3 टक्के म्हणजे 480 रुपये. तुमचा एका चुकीचा 500 चा दंड तिथंच हद्द ओलांडतो. लेट मार्कचंही तसंच. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या वेळेइतकीच करता येते. दहा-दहा मिनिटं तीनदा उशीर झाला तर अर्ध्या तासाची कपात होईल, अर्ध्या दिवसाची कशी होईल?

पगाराचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशांनंतर नेमलेल्या समितीनं 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलांतही नर्सला किमान 20,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. त्याला इतकी वर्षं झाली आणि आपल्या भागात त्याहून कमी पगारावर काम करणाऱ्या मुली मला आजही भेटतात. त्यांच्याकडून हसतमुखपणाची अपेक्षा लेखी करायची आणि पगाराचा विषय तोंडी टाळायचा, हे मला पटत नाही.

उशिराबद्दल खानदेशापुरतं बोलते. आपल्या निम्म्या मुली अमळनेर, धरणगाव, पाचोरा, भुसावळ अशा गावांहून रेल्वेनं किंवा एसटीनं येतात. एका हॉस्पिटलात आमची सकाळची पाळी आठला होती आणि सुरतेकडून येणारी पॅसेंजर थोडी रेंगाळली की पाच जणींना लेट मार्क. वर्षभर त्या भांडणात गेलं. शेवटी आम्ही पाळी साडेआठची केली, रात्रीच्या सिस्टरना तेवढंच उशिरा बोलावलं आणि ओव्हर पलंगापाशी उभं राहून द्यायची पद्धत लावली. लेट मार्क जवळपास संपले. त्यानंतरही ज्या दोघी रोज उशिरा येत त्या कोण, ते स्वच्छ दिसलं आणि त्यांच्याशी बोलता आलं.

आखाजी, कानबाईचा सण, पोळा आणि दिवाळी या चार वेळांच्या रजा मी चैत्रातच चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. आखाजीला माहेरी जायचं नसेल अशी खानदेशी लेक शोधून सापडणार नाही. त्या दिवशी 'न सांगता गैरहजर' असा मेमो काढण्यापेक्षा कोणाचा नंबर या वर्षी आणि कोणाचा पुढच्या, हे भिंतीवर लावलेलं बरं. तुमची आचारसंहिता नेमकी आखाजीला लागली, त्यात अशा गैरहजेरीच्या रागाचा वाटा किती होता, हे तुम्हीच जाणा.

'उलट बोललं' हा नियम तर मी काढूनच टाकीन, कारण त्याचा अर्थ ऐकणारा ठरवतो. पुण्याहून आलेल्या एका नातेवाइकानं तक्रार केली होती की सिस्टर माझ्या आईला एकेरी बोलते. ती सिस्टर शिरपूरकडची होती. "माय, कथा दुखस तुले?" (आई, कुठं दुखतंय तुला?) असं ती विचारत होती. अहिराणीत आजीला तू म्हणणं हे जवळिकीचं असतं आणि ती आजी दुसऱ्या कोणाशी एवढं बोलतही नव्हती. उलट धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या पावरी-भिली बोलणाऱ्या बायांना शुद्ध मराठीत 'आपण कसे आहात' विचारलं तर त्या गप्प बसतात आणि दुखणं कळतच नाही. तेव्हा वागणुकीचा नियम लिहायचाच तर दिसेल आणि मोजता येईल असा लिहा: कोणतंही काम करण्याआधी पेशंटला ते सांगायचं, पडदा ओढायचा, बोलावलं तर जाता येत नसेल तरी 'आले, पाच मिनिटं' असं म्हणायचं. हे पाळलं की नाही ते कोणालाही बघता येतं.

मोबाइलचंही तेच. रात्री फिजिशियन घरी असतात, ईसीजी त्यांना व्हॉट्सॲपवरच जातो. फोनवर बंदी घालून ईसीजी पाठव म्हणायचं कसं? वॉर्डाचा एक मोबाइल ठेवा, स्वतःचे फोन ड्रॉवरमध्ये, आणि घरून तातडीचा निरोप आला तर तो वॉर्डाच्या नंबरवर. लहान बाळाची आई असलेली सिस्टर त्यानं निर्धास्त होते. फोनवरून दिलेली ऑर्डर सिस्टरनं उलट वाचून दाखवायची, वेळ टाकून लिहायची आणि डॉक्टरांनी 24 तासांत सही करायची, हे त्याच पानावर हवं.

यातलं डॉक्टरांचं नाव तुम्हाला खटकलं असेल, तर मुद्दाम घेतलं आहे. आचारसंहिता फक्त नर्सची असेल तर ती टिकत नाही. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या आयसीयूतल्या 24 टीमवर झालेला एक प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाच्या बाहुलीवर उपचार करताना काही टीमना एका बाहेरच्या तज्ज्ञानं थोडं अपमानकारक बोलायचं होतं, बाकीच्यांना नाही. ज्यांना ऐकून घ्यावं लागलं त्यांचं निदानही चुकलं आणि हातांचं कामही घसरलं, कारण त्यांनी एकमेकांना माहिती देणं आणि मदत मागणं कमी केलं. आपल्याकडे ड्रेसिंगचा ट्रे ढकलून देणारे सर्जन मी पाहिले आहेत. त्यांच्या राउंडनंतरच्या तासात वॉर्डात विसरभोळेपणा वाढायचा, हे मला अनुभवानं माहीत होतं, त्या प्रयोगानं त्याला पुरावा मिळाला. तुमचे साहेब कामाच्या सुधारणेबद्दल मनापासून बोलत असतील तर पहिली सही त्यांची घ्या.

तुम्ही सांगितलेल्या तीन पानांत नर्सच्या संरक्षणाचा काही उल्लेख दिसला नाही. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं 2013 च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नसतील इतक्या महिला, एक सदस्य बाहेरचा. तक्रार साधारण 3 महिन्यांत करायची, चौकशी 90 दिवसांत संपवायची. हॉस्पिटल आणि नर्सिंग होमचा त्या कायद्यात नावानं उल्लेख आहे. आणि नातेवाइकांनी मारहाण केली तर महाराष्ट्राचा 2010 चा कायदा नर्सलाही लागू आहे. गुन्हा अजामीनपात्र, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड. मध्यरात्री वीस माणसांचा घोळका आला की फोन कोणी करायचा, दार कोणी लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी फिर्याद सिस्टरनं एकटीनं नाही तर हॉस्पिटलनं द्यायची, हे लिहून ठेवा. ज्या मुलीला आपली पाठराखण होईल याची खात्री असते ती चिडलेल्या नातेवाइकाशीही शांतपणे बोलू शकते. तुमच्या तक्रारी तिथून कमी होतील असं मला वाटतं.

आता मूल्यमापन. मेमो त्यात धरू नका, ज्या गैरवर्तनाची चौकशी होऊन ते सिद्ध झालं तेवढंच धरा, तेही वेगळ्या पानावर. कामाचं पान असं भरा: महिन्यातून दोनदा, न सांगता, त्या सिस्टरच्या पेशंटचे पाच केसपेपर काढा आणि पलंगापाशी जाऊन ताडून बघा. इंजेक्शनची वेळ खरी आहे का, सलाईनची जागा सुजली आहे का, झोपून असलेल्या पेशंटची कूस बदलली का, कॅथेटरची पिशवी जमिनीला टेकली आहे का, दोन पेशंटच्या मधे हात धुतले का. मग त्याच पेशंटला विचारा की तुम्हाला कोणती गोळी कशासाठी दिली ते सांगितलं का. एका सिस्टरला वीस मिनिटं लागतात. सहा महिन्यांत तुम्हाला जे कळेल ते कितीही मेमोंतून कळणार नाही. आणि बघितलेलं त्याच दिवशी तिला सांगा, चांगलं असेल तर सगळ्यांसमोर, कमी असेल तर बाजूला घेऊन. मी त्या पहिल्या सिस्टरच्या वेळी नेमकं उलटं केलं होतं.

हे सगळं एकदम साहेबांपुढे ठेवू नका. आधी दंड थांबवा आणि चुकांची वही सुरू करा, तीन महिने जाऊ द्या. वही भरायला लागली की ते घाबरतील आणि म्हणतील चुका वाढल्या. तेव्हा त्यांच्यासमोर प्रत्येक नोंदीपुढचा 'आता काय बदललं' हा रकाना उघडून बसा.

आणि सोडून गेलेल्या त्या तिघींना या आठवड्यात स्वतः फोन करा. नोकरीवर परत या म्हणून नको, फक्त विचारा की ती तीन पानं पहिल्यांदा वाचली त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं. कागद समोर घेऊन बसा आणि त्या सांगतील ते शब्दाला शब्द लिहून घ्या.